गेजवरचं मेगा

अर्धी वाट सरली तरी थोरली एकदाही थांबली नव्हती. इस्पितळापासून घर चांगलं तासाभराच्या चालीवर, पण तिने बसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धाकटी जाऊ न उघडलेला डबा घेऊन शेजारून चालत होती.

थोरली इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायची. चादरी उकळणं, वाफेची इस्त्री, सगळं तिच्या आगीवर. आकड्यांशी तिचं कधी जमलं नाही. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बारा वाजल्यासारखा सरळ उभा राहिला, की झाले पाच किलो. आग कमी करायची. निम्मं आयुष्य त्यावर निघालं होतं.

आज सकाळी जुनं गेज काढून परातीएवढं नवं बसवलं.

"मेगा लिहिलंय यावर!" मुकादम हौसेने म्हणाला.

"म्हणजे काय हो?"

"अहो बाई, मेगा सेल, मेगा भरती, तसंच. मोठ्ठं! दुसरं काय?"

थोरलीही हसली होती.

दुपारी धाकटी डबा घेऊन आली. "जाऊबाई, जेवा आता."

"थांब गं, काटा उभा राहू दे. आज मेला चढतच नाही." थोरलीने आणखी लाकडं आत सारली.

आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून वाफ छताला भिडली. समोरचं माणूस दिसेना. थोरलीने धाकटीला दंडाला धरून बाहेर ढकललं, इस्त्रीवाल्या बायकांना ओरडून ओरडून बाहेर काढलं.

मेकॅनिकने गेज पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. "बाई, मेगा हे दाबाचं माप आहे! इथला एक मेगा म्हणजे तुमचे दहा किलो! यावर काटा सरळ उभा म्हणजे पाच नाही, आठ किलो. व्हॉल्व्ह अडकला असता तर..." मुकादम मटकन खाली बसला.

"देवाने राखलं," धाकटी चालता चालता पुटपुटली.

"त्याने राखलं गं. लाकडं मी घालत होते." थोरली रस्त्यातच थांबली. "आणि तू तिथे उभी होतीस."

"मुकादमानेच सांगितलं ना तुम्हाला?"

"हात तर माझे होते."

ती पुन्हा चालू लागली आणि म्हणाली, "उद्या येशील माझ्याबरोबर? मेकॅनिक पाच किलो दाखवेल तिथे गेजच्या काचेवर लाल रेघ ओढून दे. आणि मी आग पेटवेन तेव्हा जवळ थांब... नको, जवळ नको. दाराबाहेर थांब."