ढाणकीला नेलेलं फूल

आमच्या कचेरीतले नरहरराव म्हणजे अख्ख्या महागावात एक नंबरचे कंजूष. पण उन्हाळ्यात स्वतः पंख्याखाली उकडत बसतील आणि कूलर मात्र एका कुंडीकडे तोंड करून चालू. कुंडीत एका फुलझाडाचा कांदा होता, कुठल्याशा परदेशी डोंगरातल्या दमट जंगलातला. त्यांच्या बायकोनं, शोभावहिनींनी, नर्सरीतून मागवलेला. वहिनींना जाऊन चार वर्षं झाली. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून नरहरराव त्या झाडाशी बोलायचे. मी हसायचो. आता लाज वाटते.

यंदा कांदा बुडाशी कुजला. तरी एक पांढरं फूल आलं. त्याचे पराग दुसऱ्या झाडाला लावले तर बी धरेल, वहिनींचं झाड टिकेल, हा एकच ध्यास त्यांनी घेतला. मात्र ते झाड याच जातीचं पण वेगळ्या कांद्याचं हवं, याच कांद्याला फुटलेलं पिल्लू चालत नाही. आणि असं दुर्मिळ झाड शोधायचं कुठं? तेवढ्यात व्हॉट्सॲपवर ढाणकीच्या कुण्या वच्छलाबाईंच्या अंगणातलं तसंच फूल दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत आम्ही दोघं. नरहररावांच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात ओल्या कापसावर फूल.

वच्छलाबाई फूल पाहून हरखल्या. “अवो माय, हे तं शोभाताईचं फूल! तिनंच मले याचं पिल्लू देल्लं.”

म्हणजे हे झाडही त्याच कांद्याचं. बी धरणार नव्हतं. मी कपाळावर हात मारला. नरहररावांनी मात्र भलतंच विचारलं, “तुमची न तिची ओळख कुठची?”

“यवतमाळच्या दवाखान्यातली. केमोले संगंच बसत होतो आमी. माह्यासंगं पोरगी राहे, ते बिचारी एसटीनं एकटीच ये. मी इचारलं, मालक काहून येत नाही? तं म्हणे, त्यायले रजा नाही भेटत.”

रजा भेटत होती. वर्षाअखेर नरहररावांची रजा शिल्लक असायची आणि ते ती मोठ्या ऐटीत आम्हाला सांगायचे. मला त्यांच्याकडे पाहवेना.

“माहा फोन हरपला न तिचा नंबर गेला,” वच्छलाबाई म्हणाल्या. “बरी हाय ना आता ते?”

नरहररावांनी डबा उघडाच त्यांच्या हाती दिला.

“बरी हाय,” ते म्हणाले. “आज रजा काढली मी, तं तिनंच पाठवलं मले.”