आम्ही टेप केलेला भूकंप

पहिली नेमणूक कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावात मिळाली, तोवर मी सांगलीबाहेर एकटी कधी राहिले नव्हते. आमचं घर गावभागात, सांगलीच्या जुन्या वस्तीत. दारात रिक्षा, कोपऱ्यावर भडंगाचं दुकान. इथे मात्र पाटणहून येणारी एसटी वळून गेली की डोंगर आणि आपण, एवढंच उरायचं. शाळा दोन खोल्यांची. भिंती दगड-मातीच्या, वर मंगलोरी कौलं. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन मी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी घेऊन हेडमास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. पंचेचाळिशीचे, ताठ, कमी बोलणारे. मूळचे याच खोऱ्यातले, पण घर उंब्रजला. शनिवारी जायचे, सोमवारी पहिल्या गाडीने परत.

नोकरीला लागल्यावर वर्षभरात कराडला आमचं एक प्रशिक्षण झालं. आनंददायी शिक्षण हा शब्द तेव्हा नवा होता. मोज्याच्या बाहुल्या, काड्यापेटीची आगगाडी, चिंचोक्यांची बेरीज, आणि शाळेला मिळालेला टेपरेकॉर्डर कपाटात न ठेवता वर्गात कसा वापरायचा, हे सगळं शिकवलं. आमच्याही शाळेला तो मिळाला होता. गुरुजींनी तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला, कारण बिघडला तर जबाब कोण देणार? मी मागितला तेव्हा त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली. मग मुलांच्या कविता टेप करायच्या आणि त्यांनाच ऐकवायच्या, हा आमचा रोजचा खेळ झाला. आपलाच आवाज डब्यातून येतोय हे ऐकून पहिलीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायची.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस लातूरकडे भूकंप झाला. पेपरातले फोटो गावात हातोहात फिरले. कोयनेच्या माणसांना धरणी हलण्याची सवय होती. भांडी वाजली तर बायका, "हाललं वाटतं," म्हणून भाकरी थापत राहायच्या. पण ते फोटो पाहिल्यापासून ती सवय मोडली. आणि नेमके त्यानंतरच आमच्याकडे धक्के वाढले. लोक अंगणात झोपू लागले. माझी खोली एका घराच्या पडवीला लागून होती. मी आतून कडी लावणंच बंद केलं.

एका दुपारी आम्ही मातीची फळं रंगवत होतो. आधी आवाज आला. तो कानाला यायच्या आधी पायाला येतो, जमिनीखाली कुणी तरी जड काही ओढत नेतंय असा. मग कौलं खडखडली आणि वरून माती पडू लागली. धक्का क्षणभराचाच होता. पण सगळी मुलं एका दारावर धावली. माझ्या खोलीला मागचं दार होतं, त्याला कपाट लावलेलं. पुढच्या दारात पोरांचा ढीग झाला. मी ओरडत होते, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ढीग मोकळा झाला तेव्हा दुसरीतली एक मुलगी उंबऱ्यात पडलेली होती. तिचा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. ती रडत नव्हती. नुसती त्या हाताकडे बघत होती.

तिला जीपने पाटणला नेलं, हाड बसवलं, प्लॅस्टर घातलं. भिंतीचा एक दगडही पडला नव्हता. हात मोडला तो दारामुळे. हे माझ्या डोक्यातून जाईना. मोठा धक्का आला असता तर? पुढचा कधी येईल? मी फळ्यावर लिहिताना एक कान जमिनीकडे ठेवू लागले. मुलं तर आत बसायलाच तयार नव्हती. आत आलीच तर दाराजवळच्या बसकरपट्टीसाठी भांडायची.

मी आधी एक घंटी करून पाहिली. आढ्याला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट, आणि तो नट स्टीलच्या पेल्यात लोंबता. जमीन हलली की पेला वाजेल, आपल्याला कळेल. मुलांना हे आवडेल असं वाटलं होतं. पण झालं उलटंच. कुणी पुस्तकात बघेना. सगळे डोळे त्या पेल्याकडे. वाऱ्याने दोरा हलला तरी अख्खा वर्ग उभा राहायचा. एक पोरगा तर घरी जाऊन जेवेना. दुसऱ्याच दिवशी मी तो दोरा कापून टाकला.

मग सुचला टेप. पोरं धावतात ती आवाज ऐकून. तर तो आवाज आला की काय करायचं, हेच अंगवळणी पाडलं तर? शाळा सुटल्यावर मी घरमालकांचं रिकामं पत्र्याचं टिपाड आणवलं, त्यात दगड घालून हळूहळू घोळवले आणि टेप टिपाडाच्या तोंडाशी धरला. ऐकून पाहिलं. इतका हुबेहूब आवाज आला की मी स्वतःच बटण दाबून बंद केला.

सकाळी मुलांना सगळं समजावलं. आवाज आला की दप्तर डोक्यावर, शेजारच्या जोडीदाराचा हात धरायचा, आणि न धावता रांगेने बाहेर. एकट्याने कुणी जायचं नाही. मुलं माना डोलवत होती. मी बटण दाबलं.

दोन-तीन पोरी किंचाळल्या. रांग सुरू व्हायच्या आतच पुढच्या दारातून गुरुजी आत आले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, ओठांवरसुद्धा रक्त नव्हतं.

"बंद करा ते."

"गुरुजी, मी मुलांना सराव..."

"बाई, आधी बंद करा!"

मी बंद केलं. ते टेबलाचा काठ धरून उभे राहिले. मग बाहेर गेले आणि हौदाच्या कठड्यावर जाऊन बसले. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेले. माझी नोकरी गेली असंच मला वाटत होतं.

"सदुसष्ट साली मोठा भूकंप झाला तेव्हा मी विशीत होतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पहाटेच झालं. बहीण माझ्या शेजारी झोपलेली. सात-आठ वर्षांची असंल. मी उठून बाहेर आलो. कसा आलो ते मला आजही आठवत नाही. ती आत राहिली." मग म्हणाले, "तुमच्या त्या डब्यातून अगदी तोच आवाज आला."

मी म्हटलं, "नको करायला. मी कॅसेट पुसून टाकते."

संध्याकाळी हात मोडलेल्या मुलीची आई माझ्या दारात आली. तिच्यामागे आणखी चार बायका.

"आवं बाई, आमची पोरं आदीच झोपंत दचकत्यात. आन् तुमी त्यास्नी भुकंप ऐकवताय व्हय? शाळा शिकवा की नीट."

"मुलं परत दारात चेंगरू नयेत म्हणून करतेय," मी म्हटलं.

"तुमास्नी काय म्हाईत मोठा भुकंप कसा असतोय ते? तुमी तर सांगलीच्या."

ते खरंच होतं. मला काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री मी घरी पत्र लिहायला घेतलं, बदलीसाठी कुणाला भेटता येईल का म्हणून. दोन ओळी लिहून कागद फाडला.

सकाळी शाळेत गेले तर त्याच मुलीने, गळ्यात हात अडकवलेला असताना, मला विचारलं, "बाई, तो आवाज कसा क्येला तुमी?"

मी टिपाड आणि दगडांचं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मग मी ते टिपाड शाळेच्या अंगणात आणवलं. मुलं आधी लांब उभी राहिली. चौथीतल्या एकाने दगड घोळवला, दुसऱ्याने जोरात घोळवला. एकजण म्हणाला, "न्हाई गड्या, असा न्हाई, भुकंप जात्यागत वाजतोय." मग कुणी पत्रा आणला, कुणी वरवंटा. तास-दीड तास पोरं भूकंप तयार करत होती. हाताने केलेला आवाज कान देऊन ऐकत होती, आणि "आनकी मोठा, आनकी मोठा," म्हणत होती. तो नवा आवाज आम्ही टेप केला. वाजवला तेव्हा कुणी किंचाळलं नाही. "ह्यो माझा वरवंटा," असं मात्र ओरडून सांगितलं.

गुरुजी त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहून हे सगळं बघत होते. दुपारी ते माझ्या खोलीत आले, मागच्या दाराला लावलेलं कपाट एकट्याने ओढून बाजूला केलं, गंजलेल्या कडीला तेल घातलं आणि दार उघडलं. कितीतरी वर्षांनी त्या बाजूने उजेड आला. "पहिलीनं मागून जायचं, दुसरीनं पुढून," एवढंच म्हणाले. पुढे सराव व्हायचा तेव्हा ते स्वतःच्या वर्गालाही बाहेर काढायचे. पण मी बटण दाबायच्या आधी त्यांना खूण करायची, हे न बोलता ठरलं.

मुलांना सराव आवडू लागला. मी मधेच, पाढे चालू असताना, गोष्ट अर्ध्यात असताना टेप लावायची. पोरं हसत, दप्तरं डोक्यावर घेऊन बाहेर. माझी भीती काही कमी झाली नाही. ती हसायची आणि मी आढ्याकडे बघायची.

थंडी पडल्यावर एका शनिवारी सकाळची शाळा होती. गुरुजी दुपारच्या गाडीने उंब्रजला जाणार म्हणून त्यांची पिशवी खुर्चीवर तयार. मी पहिलीकडून पाढे म्हणवून घेत होते, दुसरी शुद्धलेखनात होती. आवाज आला.

"बाई, टेप!" एक पोरगी आनंदाने ओरडली.

टेप माझ्यासमोर टेबलावर होता. बंद.

मुलं मात्र उठली होती, नेहमीसारखी. दप्तरं डोक्यावर, हातात हात. दोघं एकमेकांना ढुशी मारत होती. मी तोंड उघडलं असतं तर किंकाळीच निघाली असती आणि सगळा खेळ तिथेच मोडला असता. मी ओठ दातांखाली धरले आणि हाताने खूण केली, चला. पहिली मागून निघाली, दुसरी पुढून. भिंत हलताना मला दिसत होती. पोरांना ती दिसली नाही, कारण दप्तराखाली वर बघता येत नाही. शेवटची जोडी उंबरा ओलांडत होती तेव्हा पहिलं कौल फुटलं.

बाहेर अंगणात मी जोड्या पाहिल्या. माझी सगळी होती. तिसरी-चौथीचीही होती, ओळीत उभी. आता ती हसत नव्हती. कौलं एकामागून एक घसरत होती आणि पोरांना कळलं होतं.

"गुरुजी कुठं हायेत?" कुणी तरी म्हणालं.

मी त्यांच्या खोलीच्या दाराशी धावले. ते आतच होते. फळ्याला पाठ लावून, दोन्ही तळवे मागे टेकवून उभे. डोळे उघडे, पण मी त्यांना दिसत नव्हते.

"गुरुजी, बाहेर या!"

ते हलले नाहीत. धुळीने खोली भरत होती. आत जायचं माझं धैर्य नव्हतं, हे मी अगदी खरं सांगते. पाय पुढे कसे पडले ते ठाऊक नाही. आजवर मी त्यांच्या हाताला कधी हात लावला नव्हता, खडू देतानासुद्धा टेबलावर ठेवायची. मी त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. मुलांना सांगायची तेच शब्द तोंडातून आले.

"जोडी करा. धावायचं नाही. चला."

आणि ते आले. लहान मुलासारखे, माझ्या मागून, पाऊल मोजत. आम्ही हौदापर्यंत पोचलो तेव्हा दोन खोल्यांमधली भिंत कोपऱ्यातून खचली. फार मोठा आवाज झाला नाही. नुसतं धप्प, आणि मग धूळ.

धूळ बसायच्या आत गाव धावत आलं. आया पोरांची नावं घेत होत्या, पोरं घाबरून रडू लागली होती. हात मोडलेल्या मुलीची आई आपल्या लेकीला उराशी धरून जमिनीवर बसली. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. गुरुजी हौदाच्या कठड्यावर बसले होते. कुणी पाणी दिलं, त्यांनी ते प्यायलं नाही, हातात धरून ठेवलं. मग मला म्हणाले, "सगळी आली न्हवं?"

"सगळी आली, गुरुजी."

"परत एकदा बघा."

मी परत बघितलं. आणखी एकदाही बघितलं.

पाहणी करायला साहेब आले, त्यांनी दोन्ही खोल्यांना कुलूप लावायला सांगितलं. वार्षिक परीक्षेपर्यंत आम्ही पत्र्याच्या छपरात वर्ग भरवले. गुरुजी त्या उन्हाळ्यात बदलून उंब्रजजवळ गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मुलांना चिंचेच्या गोळ्या वाटल्या आणि भाषण करायला नकार दिला. मी मात्र त्या गावात आणखी काही वर्षं राहिले.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी सांगलीला घरी होते. दुपारची जेवणं झाली होती, भावाची चिमुरडी माझ्याजवळ चित्र काढत बसली होती. आत स्वयंपाकघरात वहिनीने मिक्सर लावला. दुसऱ्या क्षणी मी अनवाणी, भर उन्हात अंगणात उभी होते आणि पोरीचा हात माझ्या हातात होता. तिचा खडू खाली पडलेला. ती नवलाने माझ्याकडे बघत होती.

आई दारात आली. "अगं, मिक्सर आहे तो," ती म्हणाली. "चटणी वाटतेय ती."

"हो," मी म्हटलं. "कळलं मला."

पोरगी हात सोडवून आत पळाली. फरशी पायाला चटके देत होती, तरी मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले.