मानपत्रातले एक वाक्य

कानिफनाथ गुरुजींच्या आवाजाविषयी मी आजवर गावोगाव कीर्तनांतून बोललो आहे. त्यांच्या वर्गाविषयी आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना मान वर होत नाही.

पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचे गाव. जमीन मुरमाड, पाऊस मोजका. दिवाळी उरकली की निम्मे गाव ट्रॅक्टरवर संसार चढवते आणि कोपरगावाकडे ऊसतोडीला जाते. चैत्रात ते परतते. म्हणून इथला सप्ताहही चैत्र सरताना बसतो. तोडीला गेलेले एकही माणूस देवाच्या दारातून चुकू नये, अशी या गावाची माया.

सप्ताहातल्या पारायणाचे व्यासपीठ एकोणीस वर्षे गुरुजींकडे होते. गुरुजी उंच आसनावर बसून पोथी वाचतात आणि खाली रांगांनी बसलेले शंभर वाचक त्यांच्या पाठोपाठ तीच ओळ उचलतात. काय तो आवाज! पहाटेच्या विहिरीसारखा खोल, आईच्या हातासारखा मऊ. त्या आवाजात अडाणी माणूसही शहाणा वाटतो. हे वाक्य मी पूर्वी कौतुकाने बोलत असे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सातवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक पडवी. यंदा एकतीस मेला ते निवृत्त होणार होते. म्हणून गावाने ठरवले, काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाआधी गुरुजींचा सत्कार करायचा. काल्याचे कीर्तन माझे होते आणि मला आठवडाभर मुक्कामाला ठेवले होते. शाळा समितीचे अध्यक्ष हनुमंतराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, “महाराज, मानपत्र तुमीच लिवा. आमी लिवलं तर ते अर्जावानी दिसतंय.”

मी लिहिले. एका बैठकीत, भरल्या अंतःकरणाने लिहिले. त्यात एक वाक्य होते: ‘गुरुजींच्या हाताखालून गेलेले एकही मूल या गावात अक्षरशत्रू राहिले नाही.’ ते लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. त्या वर्गाचा उंबरा मात्र मी कधी ओलांडलेला नव्हता.

सातव्या दिवशी पारायणात मला सुकन्या दिसली. तेरा वर्षांची, उन्हाने रापलेली, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. बायांच्या पहिल्या रांगेत पोथी पुढ्यात घेऊन बसली होती. शंभर आवाजांतून तिचा आवाज वेगळा निघत होता, स्वच्छ आणि निर्भय. बोट ओळीवरून सरकत होते. शेजारणीने पान उलटले, हिने उलटले नाही. तिचे पान मागे राहिले आणि आवाज मात्र सगळ्यांबरोबर पुढे गेला. मला वाटले, पोर तल्लीन झाली. पान उलटायचेही भान उरले नाही, इतकी तल्लीन! मी मनोमन तिला हात जोडले.

“ही कोणाची?” मी विचारले.

“राहीबाईची. कोयत्यावाल्यांच्या वस्तीवरली,” हनुमंतराव म्हणाले. “सातवी झाली आता. सगळ्या विषयांत अ.”

“मग उद्याचे मानपत्र हीच वाचेल,” मी म्हणालो. गुरुजी व्यासपीठावरून उतरत होते. त्यांचा पाय पायरीवर क्षणभर थांबला. मी ते पाहिले, आणि त्याचाही अर्थ मला विनयच वाटला.

त्या सकाळी पारावर चहा झाला. शाळांचा विषय निघाला आणि जो तो सरसावला.

“आमच्या टायमाला चौथी शिकल्याला मानूस तलाठ्याचा उतारा खडाखडा वाचायचा,” हनुमंतराव म्हणाले. “आता बारावी झाल्यालं पोरगं एस.टी.ची पाटी वाचंस्तवर गाडी निघून जाती!”

“मोबाईलनं वाटोळं केलं,” एक म्हणाला.

“नापास करायचं बंद झालं, तितंच सगळं बसलं,” दुसरा म्हणाला. “पाटलाची पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत गेली. राहिली कोन? कोयत्यावाल्यांची. त्यांच्याकडं बघतंय कोन?”

“पर आपले गुरुजी सोडून बोला हां,” हनुमंतरावांनी बोट वर केले. “शाळंच्या मागनं जाताना ऐका. कशी एका सुरात वाचत्यात पोरं! तपासनीला साहेब लोक आले तरी दारातच डोलत्यात.”

गुरुजी ग्लासातल्या चहाकडे बघत राहिले. आणि मी? मी संध्याकाळच्या प्रवचनात ती एस.टी.ची पाटी उचलली, रंगवली, हातवारे करून सांगितली. मंडप हसून लोटपोट झाला. पहिल्या रांगेत सुकन्याही हसत होती.

काल्याचा दिवस उजाडला. कीर्तन झाले, दहीहंडी फुटली. गुरुजींना खुर्चीवर बसवले, खांद्यावर शाल घातली, डोक्याला फेटा बांधला. सुकन्या पुढे आली. चौकटीतले मानपत्र तिने दोन्ही हातांत धरले आणि सुरुवात केली. दोन मिनिटांत, एका दमात, कुठे अडखळणे नाही, कुठे चूक नाही. मंडपातल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. मागे खांबाला धरून राहीबाई उभी होती, लेकीच्या ओठांकडे टक लावून. ‘एकही मूल अक्षरशत्रू राहिले नाही,’ हे वाक्य आले आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

गुरुजी उत्तराला उठले. फेटा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला.

“मंडळी,” ते म्हणाले, “या कागदावरचे एक वाक्य खोटे आहे. मी वाचायला न शिकवता मुले वर पाठवली. एक नाही, दोन नाही. ज्यांना ओळ वाचता येत नाही त्यांना मी अ श्रेणी दिली. दोष मुलांचा नाही. माझा आहे.”

 मग कोणीतरी म्हणाले, “काय नम्र मानूस!” दुसरा म्हणाला, “याला म्हन्त्यात गुरुजी!” आणि मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. मला लाज वाटते हे सांगताना, पण सांगितल्यावाचून सुटका नाही. मी म्हणालो, “पाहा, माउलीहो! ज्याच्यापाशी ज्ञान असते त्याला स्वतःचे उणेच दिसते.” आणि विठ्ठलनामाचा गजर उचलला. टाळ वाजले, मृदंग वाजला, शंभर कंठ एक झाले. एका माणसाने उभ्या जन्मात एकदा खरे बोलण्याचे धैर्य केले आणि मी ते देवाच्या नावाखाली बुडवले.

पंगती उठल्यावर मी आणि गुरुजी देवळामागच्या खोलीत बसलो होतो. गुरुजी जेवले नव्हते. दारात राहीबाई आली. सुकन्येचा हात तिच्या हातात होता.

“गुरुजी,” ती उभ्यानेच म्हणाली, “मगाशी बोललात ते खरं हुतं, का असंच मोठेपना?”

“खरे होते.”

“माज्या पोरीचंबी?”

गुरुजींनी मान खाली घातली. राहीबाईने कमरेच्या पिशवीतून लेकीचे प्रगतिपुस्तक काढले आणि तिच्यापुढे धरले. “वाच.”

सुकन्येने ते उघडले. बोट फिरवले. “हे अ हाय,” ती म्हणाली. “हेबी अ. हेबी.” मग तिने अगदी विश्वासाने गुरुजींकडे पाहिले. “आई, बाकीचं गुरुजींना एकदा म्हनून दावू दे. मंग मी म्हनते. मानपत्र न्हाई का, काल दोनदाच म्हनून दावलं त्यांनी.”

मी गुरुजींकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते.

“व्हय,” ते कष्टाने म्हणाले. “काल दुपारी ही कागद घेऊन शाळेत आली. माझीच स्तुती मी हिला दोनदा म्हणून दाखवली. त्या वाक्याशी जीभ जड झाली, तर ही म्हणाली, ‘पुढं म्हना की गुरुजी.’ मी पुढे म्हणालो.”

मग त्यांनी सगळे सांगितले. दिवाळीनंतर ट्रॅक्टर येतात आणि निम्मा वर्ग ओस पडतो. चैत्रात ती मुले परततात तेव्हा बाकीचे पन्नास पाने पुढे गेलेले असतात. त्यांना पहिलीच्या लेकरांत बसवावे तर सगळे हसतील. म्हणून गुरुजींनी पारायणाची रीत वर्गात आणली. आपण ओळ म्हणायची, मुलांनी ती उचलायची. मागे पडलेल्याला मधोमध बसवायचे. त्याचा आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळायचा आणि त्याचे उणे झाकले जायचे.

“पहिल्या वर्षी मायेने केले,” ते म्हणाले. “पुढे सोपे पडले म्हणून केले. नेमके कोणत्या वर्षी एकाचे दुसरे झाले, ते मला आता सांगता येत नाही. वरून तक्ते मागायचे. कोरा रकाना चालत नसे. मी अ भरत गेलो. कोणी तपासले नाही. जे आले ते दारात उभे राहून डोलले.”

राहीबाई ओरडेल असे मला वाटले होते. ती खाली बसली.

“फडात मोळ्या बांधताना मी बायांना सांगायची, माजी लेक पोथी वाचती. त्या हसायच्या. म्हनायच्या, बाई, कोयत्यावाल्याची लेक काय वाचती! मी भांडायची त्यांच्याशी.” तिने प्रगतिपुस्तक मिटले. “मला वाचता येत न्हाई गुरुजी. म्हनून मला फसवनं लई सोपं हुतं.”

“राहीबाई...” गुरुजी म्हणाले.

“जूनला ती शेजारच्या गावच्या हायस्कुलात जानार. तितं कोन म्हनून दावनार न्हाई. मागल्या बाकावर बसवतील, हसतील. महिन्यात म्हनंल, आई, मी शाळंत जात न्हाई. मंग दिवाळीला हातात कोयता, आन् वर्सादोनवर्सांत तिचं लगीन. दुसरं काय व्हतंय आमच्यात?” ती उठली. “दीड महिना हाय. शिकवता का?”

“शिकवतो. उद्यापासून शाळेत ये सुकन्ये.”

“शाळंत न्हाई,” राहीबाई म्हणाली. “माज्या दारात. मला दिसलं पायजे.”

सुकन्येला इतक्या वेळाने काही उमगले असावे. तिने आईच्या हातातले प्रगतिपुस्तक घेतले, छातीशी धरले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.  

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्या गावाला गेलो. कोणी बोलावले नव्हते. कोयत्यावाल्यांच्या वस्तीवर, राहीबाईच्या पत्र्याच्या छपराखाली, सावलीच्या पट्ट्यात नऊ मुले बसली होती. मधोमध गुरुजी, फेटा नाही, शाल नाही. राहीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तिचे अर्धे लक्ष तव्यावर, अर्धे त्या पट्ट्यावर. मी दुरून कान दिला. तो खोल, मऊ आवाज येईल अशी वाट पाहिली. तो आला नाही.

“ते आता पोरांपुढं एक ओळसुदिक म्हनत न्हाईत,” असे हनुमंतरावांनी मला वाटेत सांगितले होते, थोड्या रागानेच. “गावाची इज्जत गेली म्हाराज. आख्ख्या तालुक्यात बोभाटा झाला. न्हाई तर कोनाला कळनार हुतं?”  दीड महिन्यापूर्वी मी त्यांच्याच बाजूचा होतो.

वस्तीवर एका वेळी एकच मूल वाचत होते. बाकीचे गप्प. एकाला एक शब्द लागायला बराच वेळ लागे आणि गुरुजी तेवढा वेळ बसून राहत. वेडेवाकडे, तुटके, खरे वाचन होते ते. कानाला गोड नव्हते.

मग सुकन्येची पाळी आली. गुरुजींनी तिच्या हातात मानपत्र दिले, चौकटीतून काढलेले.

“हे पाठ हाय माजं,” ती म्हणाली.

“म्हणूनच. शेवटाकडून वाच. पाठ असलेले तिथे उपयोगी पडणार नाही.”

तिने खालच्या ओळीवर बोट ठेवले. यावेळी आवाज बोटाच्या पुढे धावला नाही. एक एक अक्षर जोडत, मागे येत, पुन्हा जोडत ती वर चढत गेली. मध्ये एकदा चिडून म्हणाली, “हे कोनी लिवलंय एवढं अवघड!” मुले हसली. राहीबाईही हसली. दोन मिनिटांचे मानपत्र, पण ते वाक्य येईपर्यंत चुलीवरच्या भाकऱ्या संपल्या होत्या.

“ए-क-ही... मूल... अक्षर... शत्रू... राहिले... नाही.”

ती थांबली. ते वाक्य तिने मनातल्या मनात पुन्हा वाचले. ओठ हलताना मला दिसले. मंडपात शेकडो लोकांपुढे म्हटलेल्या वाक्याचा अर्थ तिला आत्ता, या क्षणी लागत होता. तिने मान वर केली आणि मी तिला दिसलो.

“महाराज, हे तुमी लिवलं?”

“हो, बाळ.”

“तुमी आमच्या वर्गात कवा आल्ते?”

तिच्या विचारण्यात कसलाही टोमणा नव्हता. तिला खरोखर आठवत नव्हते आणि ती आठवू पाहत होती. नऊ मुले माझ्याकडे बघत होती. राहीबाईने हात पुसले आणि तीही बघू लागली. मी वहाणा काढल्या आणि त्या सावलीच्या पट्ट्यात, शेवटच्या मुलाच्या मागे, जमिनीवर बसलो.

“महाराजांचे राहू दे सुकन्ये,” गुरुजी म्हणाले. “बोट उचललेस तू. ठेव ओळीवर. पुढचे वाच.”