अम्माच्या फोटोखालची ओळ
अन्याय माझ्या आजीवर झाला, इंग्रजी अमलातल्या एका अमावास्येला. सुताच्या खळीचा वास आला की आणीबाणीआधीचा सोलापूरचा तो उन्हाळा आठवतो. वाचनालयातून आणलेलं एका साहेबाचं प्रवासवर्णन मी मागावर बसलेल्या वडिलांना दाखवत होतो. एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. "आमची अम्मा हाय की ही!" आजीचा एकही फोटो घरात नव्हता. "खाली काय लिवलंय?" मी वाचलं, "आळशी विणकरीण, भरदिवसा उंबऱ्यावर." "आळशी? तिच्या पाठीमागं बघ, मागाला कुंकू लावलंय. अवस हाय, अवसेला आमी माग चालवतो व्हय?" मग हळूच म्हणाले, "ती ओळ झाक रे. तोंड तेवढं बघू दे." मी तळहात ठेवला. आता वडील नाहीत, ओळ तशीच आहे. तुमच्या वाचनालयात ते पुस्तक असेल तर त्या ओळीखाली लिहा: त्या दिवशी माग बंद होता.