बाटलीतलं ओंजळभर पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं कदाचित, पण तो त्याआधीच गेला. फादरांपुढे दर महिन्याला पापं कबूल करायला गुडघे टेकते, आणि सांगते काय — शेजारणीशी भांडले, शुक्रवारी मांस वर्ज्य असताना मटणाचा रस्सा चाखला, जपमाळ म्हणताना डुलकी लागली. फादर क्षमा करतात. मीही ती घेऊन उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही मुळशीच्या धरणावरच्या वसाहतीतले. मूळचे नगरकडचे, सासरे धरणाच्या दगडी कामावर गवंडी म्हणून आले आणि इथलेच झाले. कॅथलिक घरं मोजून सहा. देऊळ नाही — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो — महिन्यातल्या एका रविवारी पुण्याहून फादर फटफटीवर येतात आणि शाळेच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, होते. बाकीचे सगळे दिवस देव आम्हा म्हाताऱ्यांच्या हवाली. पोरांची बोटं धरून क्रुसाची खूण शिकवायची ती आजीनं. संध्याकाळची प्रार्थना सांगायची ती आजोबांनी. आणि एखादं बाळ जन्मतःच अशक्त निघालं, फादर येईपर्यंत टिकेलसं दिसत नसलं, तर त्याला घरीच बाप्तिस्मा द्यायचा तोही आजीनंच. कपाळावर पाणी ओतायचं आणि 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' असं म्हणायचं. एवढंच. फादरांनी माझ्याकडून ते शब्द घोकून घेतले होते आणि पवित्र पाण्याची एक बाटली फळीवर ठेवायला दिली होती.

वसाहतीतल्या दोन बाळांना मी असं पाणी घातलं. दोन्ही गेली. जाणारच होती, म्हणून तर घातलं — एवढं मला कळतं हो. पण बायका माझ्या हाताकडे बघायला लागल्या होत्या. आणि खरं सांगू? मीसुद्धा.

पानशेत फुटलं त्याच्या तीन वर्षं आधीची थंडी. माझी एकुलती एक कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सोमवारी दुपारी मुलगा झाला. एवढासा, आणि ओठ जांभळे. धोंडाबाई सुईण गावातली, हिंदू बाई. पण आमच्या घरांतली बाळंतपणं करून करून आमच्या रिती तिला पाठ झालेल्या. तिनं बाळ पुसून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, प्वार लई नाजूक हाय. तुमचं काय पानी घालायचं आसंल त्ये घाला. उशीर करू नगा."

कुसुमही खाटेवरून म्हणाली, "आई, पाणी घाल ना त्याला."

घालते, म्हटलं. त्याला घेऊन स्वयंपाकघरात गेले. धोंडाबाई चुलीशी पाणी तापवत होती. बाटली काढली, बूच काढलं — आणि परत लावलं.

का? माझ्या हातानं पाणी पडलं की पोर जातं, ही भीती होती. पाणी घालणं म्हणजे हा जगणार नाही असं आपल्याच तोंडानं म्हणणं. इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच कारण सांगत आले. पण तेवढंच असतं तर मी आज तुमच्यापुढे बसले नसते.

येत्या रविवारी फादर येणार होते. कुसुमच्या सासरचे खडकीहून येणार होते. त्यांच्या लेखी आम्ही धरणावरचे दगडफोडे. लग्नातसुद्धा विहीणबाईंनी आमच्या पानावर दोन घासच खाल्ले होते. त्यांच्यासमोर बाळाला घेऊन उभं राहायचं, आणि फादरांनी माझ्या हातांतल्या बाळाच्या कपाळावर पाणी ओतायचं, असं माझ्या मनात भरलं होतं. गळ्याला लेस लावलेलं पांढरं झबलं शिवून तयार होतं. घरी एकदा पाणी घातलं की फादर पुन्हा घालत नाहीत. तेल लावतात, प्रार्थना म्हणतात, संपलं. मला मिरवायचं होतं. सहा दिवस तर आहेत, म्हटलं. टिकेल की.

कुसुमनं पुन्हा विचारलं नाही. आईनं घालते म्हटलं म्हणजे घातलंच, असं तिनं धरलं. मीही धरू दिलं.

गुरुवारी सकाळी मी त्याला मांडीवर घेऊन अंगणात उन्हाला बसले होते. कुसुम आत झोपली होती. त्यानं एक जांभई दिली, आणि मग पुढचा श्वास काही आला नाही.

फादरांनी शिकवलेलं — जीव आहे की नाही अशी शंका असली तरी घाला, अंग ऊबदार आहे तोवर घाला. मला त्या वेळी हे आठवलं का? आठवलं. फळी दहा पावलांवर होती. मी उठले नाही. धोंडाबाईच्या नावानं हाका मारत बसून राहिले, आणि माझ्या मांडीवर तो गार होत गेला.

बाळंतिणीच्या अंघोळीसाठी आलेली धोंडाबाई मागच्या दारानं धावत आली. मागोमाग भिंत धरत कुसुम बाहेर आली. रडली नाही. आधी विचारलं, "आई, पाणी घातलं होतंस ना?"

तुम्ही आमच्यातले नसाल तर तुम्हाला हा प्रश्न विचित्र वाटेल. पण बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही, असंच आम्हाला शिकवलंय. नरकही नाही, कुठंतरी मधेच, जिथं दुःख नाही पण देवाचं तोंडही कधी दिसत नाही. अशा बाळाला टेकडीवरच्या आमच्या दफनभूमीतही जागा नाही. ते कुंपणाबाहेर. तिथं अशाच दोन बाळांचे बिननावाचे दगड आहेत.

"घातलं होतं," मी म्हटलं.

"नाव काय दिलंस?"

"सिमोन. तुझ्या बाबांचं."

तेव्हा कुठं ती रडली — आणि रडता रडता म्हणाली, पोचला गं माझा बाळ, पोचला.

आणि मी काय केलं? आत गेले. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, कुणाच्याही ध्यानात आलं असतं. बूच काढलं आणि ओंजळभर पाणी मोरीत ओतलं. त्याच्या कपाळावर चार थेंब पडले नाहीत. मोरीत ओंजळ पडली. वळले तर दारात धोंडाबाई. तिनं माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि निघून गेली.

निरोप मिळताच फादर आले. "पाणी कपाळावरून वाहिलं ना?" त्यांनी विचारलं. वाहिलं, म्हटलं. त्यांनी वहीत सिमोन असं लिहिलं. त्याला कुंपणाच्या आत पुरलं, लेस लावलेल्या झबल्यात.

लेकीच्या समाधानासाठी खोटं बोलले, असं म्हणता येईल. नका म्हणू. तिचे डोळे माझ्यावर फिरले असते, ते मला सोसवलं नसतं, म्हणून बोलले.

कुसुमच्या पुढच्या दोन्ही बाळंतपणांना मी धोंडाबाईला बोलावलं नाही. कुणी विचारलं तर तिच्या हाताला यश नाही म्हणायचे. एकदा पौडच्या बाजारात ती मला आडवी आली. "म्या कुनाला बोल्ले न्हाई, बाई. बोलनार बी न्हाई." मी मेथीच्या जुडीचा भाव करत राहिले, जणू ऐकलंच नाही.

गेल्या वर्षी संत आन्नाच्या सणाला फादरांनी आज्यांवर प्रवचन दिलं. आन्ना म्हणजे येशूची आजी, मारियेची आई. फादर म्हणाले, श्रद्धा देवळात नाही, आजीच्या मांडीवर जन्मते. मग सगळ्यांदेखत माझ्याकडे हात केला — या बाईंनी आपल्या नातवाला स्वतःच्या हातानं स्वर्गाचं दार उघडून दिलं. लोक वळून बघायला लागले. सणासाठी आलेल्या विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला. मला जे मिरवायचं होतं ना, ते मिळालं.

सगळ्यांना तो वर भेटणार आहे. कुसुम तर म्हणते, मला मरणाची भीतीच उरली नाही, माझा मुलगा दारात उभा असेल. तो तिथं नाही, हे मला एकटीला ठाऊक आहे. घरात सगळे वर बघून त्याच्याशी बोलतात, आणि मला वर बघवत नाही. टेकडीवर फुलं घेऊन जाते तेव्हा मी आतल्या त्याच्या दगडाशी थांबत नाही. कुंपणाबाहेरच्या त्या दोन दगडांशी थांबते. तिकडून येताना वाटेत धरणाचं पाणी दिसतं, सगळं खोरं भरून.

सुट्टीत कुसुम पोरांना घेऊन आली आहे. रोज संध्याकाळी मी त्यांना पुढ्यात बसवून प्रार्थना सांगते. शेवटी त्यांच्या आईनं लावून दिलेली एक ओळ असते — सिमोनदादा, आमच्यासाठी देवाला विनंती कर. ती मीच आधी म्हणते, मग पोरं म्हणतात. बाटली अजून फळीवरच आहे. कुसुम तिच्याखाली दिवा लावते.

काल धाकटी रोझी ती ओळ म्हणता म्हणता थांबली. बाटलीकडे बघत म्हणाली, "आजी, तू पाणी घातलंस तेव्हा सिमोनदादा रडला का गं?"

कुसुम हात जोडून बसली होती. तीही माझ्याकडे बघायला लागली. हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं, "हसला."

आणि पुढची ओळ सांगितली.