देवासाठी आणलेलं पाणी

पटकीची साथ आली आणि आमच्या गल्लीतल्या विहिरीवर म्युनिसिपालिटीची नोटीस लागली, तो शुक्रवार होता. गल्लीत नीट लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, मॅट्रिक झालेली... म्हणून वाचून दाखवायला मलाच बोलावलं.

विहिरीत लाल औषध टाकलं आहे, पाणी उकळूनच प्यावं, नदीचं पिऊ नये, विहिरीवर धुणं धुणाऱ्यावर खटला होईल. महाराजांचा हुकूम. मी मोठ्याने दोनदा वाचलं.

पहाऱ्याला मुकादम इमामभाई. तोंडाने फटकळ माणूस. धुणं घेऊन आलेल्या बायकांना आल्या पावली परत पाठवायचे, मग ती कुणाच्याही घरची असो. त्यामुळे गल्लीचा त्यांच्यावर आधीपासूनच दात.

मी मात्र नियमाची पक्की. एरवी एकेक शेणी जपून जाळणारी, पण खळखळ उकळल्याशिवाय घरात कुणाला पाणी दिलं नाही. शेजारच्या गोदाक्कालाही रोज टोकायची, उकळलंस का म्हणून... तिची चंपी सहा वर्षांची, एकुलती एक.

फक्त देवाचं पाणी वेगळं. लाल पाण्याने देवाला स्नान कसं घालायचं? आणि उकळलेलं देवाला चालत नाही, ही सासूबाईंची शिकवण. म्हणून सकाळी सोवळ्यात पंचगंगेवर जाऊन तांब्या भरून आणायची.

घाटावर वरच्या अंगाला लोक आजाऱ्यांची धडुती धुताना दिसायचे. मी तिकडे पाठ करून तांब्या बुडवायची. वाहतं पाणी, त्याला काय होतंय...

इमामभाईंनी एकदा हटकलं. हे प्यायचं नाही, देवाचं आहे, असं मी जरा ठसक्यातच सांगितलं. ते बाजूला झाले.

पूजा आटोपली की चंपी हात पुढे करून दारात उभी. पळीभर तीर्थ, वर तुळशीचं पान. पिऊन झालं की ओला हात केसांवरून फिरवायची आणि पळायची.

बुधवारी दुपारी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. गुरुवारी दिवस मावळायच्या आत पोर गेली...

तिसऱ्या दिवशी गल्लीतले वडीलधारे रावजीमामा चार माणसं घेऊन आमच्या सोप्यात आले. लाल औषधानेच पोर गेली, मुकादमाने नको तेवढं ओतलं, त्याला कामावरून काढा, असा अर्ज करायचा होता. मी दौत-टाक घेऊन बसले. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

पोरगी काय काय प्यायली ते अर्जात घालू, म्हणजे बळकटी येईल, असं मीच सुचवलं. गोदाक्का कोपऱ्यात बसली होती. जमिनीकडे बघतच बोलली.

"घरात उकळल्यालंच देत हुतो, वैनी. तुम्हीच सांगितल्यालं. दुसरं काय न्हाय... सकाळी तुमच्याकडचं तीर्थ, तेवढंच."

माझा टाक थांबला. तिला स्वतःला काही उमगलं नव्हतं. रावजीमामा म्हणाले, "लिवा की."

मी लिहिलं. 'विहिरीचे पाणी' एवढंच लिहिलं. तीर्थाचा शब्द काढला नाही.

पुढच्या सोमवारी इमामभाई दारात. हातात कचेरीचा कागद, सोबत आमच्या अर्जाची नक्कल. खुलासा द्या, नाहीतर काम सुटेल, असं त्यात होतं. त्यांना वाचता येत नाही... आणि वाचणारं घर गल्लीत हे एकच.

माझाच मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर. खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे होते, माझं नाव नव्हतं.

लिहिलं कुणी, असं त्यांनी विचारलं. मी, म्हटलं. ते उंबऱ्याबाहेरच उभे होते.

"पोरगी रोज सकाळी तुमच्या दारात असायची. मी रहाटापाशी उभा, मला दिसायचं की. विहिरीवर पहारा ठेवता येतो, बाईसाहेब. तुमच्या देवघरात कसा ठेवू?"

रागाने बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

खुलासा मीच लिहिला. मुलीने नदीचं न उकळलेलं पाणी तीर्थ म्हणून रोज घेतलं, माझ्या हातून घेतलं, आणि अर्जात ते मी जाणून गाळलं. या वेळी खाली नाव घातलं. कचेरीत जाण्याआधी गोदाक्काला वाचून दाखवला, तिला दुसरीकडून कळायला नको म्हणून.

तिने सगळं ऐकलं. "देवाच्या पाण्यानं कोण मरत न्हाय, वैनी," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. ते दार अजून मला उघडत नाही.

इमामभाईंचं काम राहिलं. मी आपल्या माणसांना सोडून मुकादमाची बाजू घेतली, असं गल्ली म्हणते. रावजीमामांच्या घरचा तांब्या आजही नदीवर जातो. मी आडवी होऊन सांगते, हात जोडते... ऐकतं कोण?

ज्या माणसाच्या पोटावर मी पाय देत होते, त्यानेच मला खरं लिहायला बसवलं. त्याचे आभार कोणत्या तोंडाने मानू?

आता देवाचं पाणीही उकळून, गार करून घेते. देवाने काही तक्रार केलेली नाही. पहिल्या दिवशी घेतलं असतं तरी त्याने केली नसती.