लॅपटॉपमधलं वारूळ

रविवारी सकाळी मी आणि माझी मैत्रीण ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालायला जातो. त्या रविवारी ती आलीच नाही, तिचा फोन आला. "अगं, लॅपटॉप गेला," एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी चालायच्या बुटांतच तिच्या काँडोतल्या फ्लॅटकडे वळले.

त्याच दिवशी सांगलीला तिच्या आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. इथल्या ऑफिसमधून सुट्टी न मिळाल्यामुळे परदेशातून हिचं जाणं हुकलं होतं. म्हणून महिनाभर खपून तिनं नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, बाबांच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून छोटे छोटे व्हिडिओ मागवले होते आणि त्यांची एक फिल्म जोडली होती. हॉलमध्ये जेवणं उरकली की ती पडद्यावर दाखवायची होती.

"दुसरीकडे कुठेच ठेवली नाहीस?" मी विचारलं.

"आज पाठवणारच होते गं!"

लॅपटॉप सुरू व्हायचा, आतला पंखा घरघरायचा आणि थोड्याच वेळात सगळं काळं. खालून हात लावला तर तवा. दुरुस्तीवाला दुकानदार फोनवर म्हणाला, ठेवून जा, बुधवारी बघू. तिची कॉलेजातली मुलगी खोलीतून डोकावली. "आई, दॅट वन रिटायर ऑलरेडी, लाह," असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली आणि परत आत गेली.

मी पायालेबारच्या एका ऑफिसात अकाउंटंट आहे. यंत्रांशी माझा संबंध नाही, पण बिघडलेली वस्तू उघडून बघायची मला खोड आहे. मिक्सर दुरुस्त केलाय, टेबलफॅन केलाय. नवऱ्याचा जुना फोनही उघडला होता, तो मात्र पुन्हा बोलला नाही.

"मी उघडू?"

तिनं देवघराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उघड. तसाही मेलेलाच आहे."

तिच्या नवऱ्याच्या चष्म्याच्या डबीत बारीक स्क्रू-ड्रायव्हर सापडला. स्क्रू हरवू नयेत म्हणून तिनं इडलीपात्र आणून ठेवलं. ज्या कोपऱ्यातला स्क्रू, त्या कोपऱ्यातल्या खळग्यात. फोनवर त्याच मॉडेलचा व्हिडिओ लावला आणि त्यात दाखवलं तसं एक जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत सरकवून मी झाकण उचललं.

ती किंचाळली. मीही.

आत मुंग्या होत्या. दोन-चार नव्हे, अख्खं गाव. पंख्याच्या पात्यांत, बॅटरीच्या कडेनं, सगळीकडे केशरी धावपळ. उजेड पडताच त्या तोंडात पांढरी अंडी धरून पळायला लागल्या.

"खरं सांग, इथे काय खाल्लंस?"

ती लाजली. "एडिटिंग करताना बेसनाचे लाडू. रोज एक. कधी दोन."

मी आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मुंग्यांना मारायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी आम्ही लॅपटॉप बाल्कनीत नेला, शेजारी बशीत गुळाचा खडा ठेवला आणि मध्ये लाकडी पट्टी टाकली. मी चमच्यानं हलकेच टकटक करायची, की आतून नवी तुकडी बाहेर. जरा वेळानं एकीला पट्टी सापडली, मग दुसरीला, आणि बघता बघता रांग लागली.

"चला, चला, सामान सांभाळा!" मैत्रीण वाकून ओरडायला लागली. "अंडी पुढे! ए बाई, तू उलटी कुठे चाललीस?" सकाळपासून रडवेली झालेली ही बाई आता पोट धरून हसत होती. मलाही चमचा धरवेना.

बिऱ्हाड हललं तेव्हा बशी उचलून आम्ही खाली बागेत ठेवून आलो. मग मी रंगाच्या ब्रशनं पंख्यातला भुसा काढला, कापसाच्या काडीला स्पिरिट लावून चिकटा पुसला. पंखा बोटानं फिरवला, मोकळा फिरला. सगळं वाळल्यावर बॅटरी जोडली, एकेका खळग्यातले स्क्रू जागेवर बसवले. बटण दाबायला मात्र मी तिलाच लावलं.

पडदा उजळला. आम्ही दोघी कान लावून बसलो. पंखा आता नुसता कुजबुजत होता. बराच वेळ गेला तरी काही विझलं नाही, तेव्हा तिनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. मी म्हटलं, "मिठी नंतर, आधी फिल्म पाठव!"

फिल्म सांगलीला पोचली तेव्हा पंगती उठत होत्या. तिच्या भावानं व्हिडिओ कॉल लावून फोन अशा ठिकाणी ठेवला की काका-काकू, म्हणजे तिचे आईबाबा, समोर दिसावेत. पडद्यावर बाबांचा एक टक्कल पडलेला विद्यार्थी आला आणि त्यानं सरांनी शिकवलेला पाढा घडाघडा म्हणून दाखवला. मध्येच चुकला. काका खुर्चीतून ताडकन उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्याचा पाढा दुरुस्त केला. हॉलभर हशा. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. फिल्ममध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीनं काकूंची लग्नातली फजिती सांगितली तेव्हा मात्र काकूंनी हसणाऱ्या काकांच्या दंडावर चापटी मारली.

फिल्म संपली. टाळ्या थांबेपर्यंत काका पडद्याकडेच बघत उभे होते. मग वळून मुलाला म्हणाले, "परत लाव रे."

काकू म्हणाल्या, "अहो, लोकांना घरी जायचंय."

"जाऊ देत ज्यांना जायचंय त्यांना. मी बसतोय."

कोणीच गेलं नाही. इकडे आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून, एकाच फोनच्या चौकटीत डोकी घालून, पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो.